सड्यावरून आगरात

नाशिककडे द्राक्षाचे मळे पाहायला आता शहरातली माणसे मोटारी करून जातात. युरोपात तर द्राक्षमळ्यांतून, रानातून आणि टेकड्यांवरून दिवसभर पायी भटकण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे शेतकरी पायी चालतो तो वारीला, देवाला, किंवा एसटी चुकली म्हणून. दुसऱ्याचे शिवार नुसते पाहायचे म्हणून त्याने घराबाहेर पडावे, ही गोष्ट अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. म्हणून वाचक मंडळी, आज मी तुम्हाला रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाटेवर नेणार आहे. घरातल्या लक्ष्मीलाही बरोबर घ्या. या वाटेवर तिच्याही पाहण्यासारखे बरेच आहे.

इथे द्राक्षाचा मळा मिळायचा नाही. चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस आणि वर्षभर दमट हवा, अशा ठिकाणी वेल लावला तर केवडा आणि भुरीच आधी पिकायची. पण द्राक्षाच्या जागी हापूसची कलमे आहेत, राने आहेत, डोंगराच्या कडेवरून खाली पाहण्याच्या जागा आहेत आणि शेवटी समुद्र आहे. घाटावरच्या वाचकांना मुद्दाम सांगतो, इथली शेती सपाट नसते, ती जिन्यासारखी असते. वर सडा, मग उतारावरची वरकस जमीन, त्याखाली भाताचे मळे आणि सगळ्यांत खाली वहाळाकाठी नारळी-पोफळीचे आगर. हा जिना वरून खाली उतरलात की कोकणची शेती तुम्हाला पुस्तकाशिवाय कळेल.

मुंबई-गोवा महामार्गावर निवळी नावाचे गाव आहे. तिथून गणपतीपुळ्याकडे जाणारा रस्ता फुटतो. त्या बाजूला आत वळून जांभरुण गाव गाठायचे. रत्नागिरी शहरापासून तासाभराच्या आतला हा प्रवास आहे. गाव खाली घळीत आहे आणि चालायला सुरुवात करायची ती वरच्या सड्यावरून.

सडा म्हणजे काय, हे घाटावरच्या माणसाला पटकन उमगत नाही. मैलभर पसरलेला उघडा जांभा दगड, मध्येच गुडघाभर गवत आणि वाऱ्याने वाकडी झालेली चार झुडपे. एप्रिलात त्यावर अनवाणी पाऊल ठेवून पाहा, दुसरे पाऊल उचलायची घाई होईल. सातबारावर अशी जमीन बहुधा पोटखराब म्हणून लागलेली असते. पोटखराब म्हणजे आकारणी नाही, आकारणी नाही म्हणजे किंमत नाही, असा आपला हिशेब.

पण ऑगस्ट-सप्टेंबरात याच कातळावर येऊन पाहा. जिथे पाणी साचते तिथे बोटभर उंचीची जांभळी-निळी फुले उगवतात. त्यांना सीतेची आसवे म्हणतात. नाव हळवे असले तरी झाड शिकारी आहे. कातळावर खताचा कण नाही, म्हणून मुळापाशी असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेऊन ते आपली नत्राची गरज भागवते. त्यांच्यासोबत पांढरे गेंद आणि मागाहून पिवळी कावला फुलते. पाऊस सरला की दोन-तीन आठवड्यांत सगळे वाळून जाते आणि सडा पुन्हा काळा पडतो.

जांभरुणच्या सड्यावर आणखी एक नवल आहे. कातळात कोरलेली चित्रे. माणसे, जनावरे आणि आपल्याला अर्थ न लागणाऱ्या काही आकृत्या. गुराख्यांना त्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या, काही ठिकाणी लोक त्यांना पांडवांची चित्रे म्हणत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेल्या काही वर्षांत सडे पायाखाली घालून अशी शेकडो चित्रे उजेडात आणली. त्यांतली काही दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे माणूस नांगर धरायला शिकण्याच्याही आधीची. राजापूर तालुक्यात कशेळीला एकाच हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि तिच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षी गावीही मोठा हत्ती आहे. कोकणातल्या काही चित्रांत अभ्यासकांना गेंडाही ओळखू आला आहे. आज कोकणात ना रानहत्तीचे मूळ घर आहे ना गेंडा, तेव्हा ज्याने ही चित्रे कोरली त्याने वेगळेच कोकण पाहिले असणार. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणच्या कातळशिल्पांचे नाव गेले आणि त्यात जांभरुण आहे.

चित्रांवरून चालू नका, पाणी ओतू नका आणि खडूने रेघा ओढून फोटो काढू नका. मुलांना आधीच समज द्या.

सड्याच्या कडेला आलात की दोन बाजूंना दोन देखावे दिसतात. एका बाजूला उघडा कातळ, दुसऱ्या बाजूला हिरवीगार घळ. या भागात तुम्ही कुठल्याही सड्यावर उभे राहिलात तरी कुठे ना कुठे हापूसच्या रांगा दिसतील. त्यांच्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण त्या झाडांखाली किती घाम मुरला आहे हे वरून कळत नाही.

कातळात कलम लावायचे म्हणजे आधी सुरुंग. दहा-दहा मीटरवर मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा उडवायचा, दुसरीकडून लाल माती आणून तो भरायचा, मग कलम. हेक्टरी १०० झाडे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात प्रत्येक झाडाला पाणी द्यावे लागते. पाइप येण्याआधी हे पाणी बायकांनी खालच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहून घातलेले आहे. बागेच्या नावाचा फलक लागतो तेव्हा त्यावर घरधन्याचे नाव असते, हे मी एवढ्या वर्षांत पाहत आलो आहे. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग योजना आली आणि पोटखराब्यावर कलमे चढली. त्या कलमांवर मुले शिकली, घरांवर पक्की छपरे आली. तेव्हा सड्यावर बाग केली म्हणून कोणाला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

२०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच आता ते नाव लावता येते. नाव मूळचे पोर्तुगीज, आफोन्सोचे हापूस झाले. मानांकनाने खोट्या पेट्या एकदम थांबल्या असे मात्र समजू नका. ग्राहकाने विचारायला सुरुवात केली, एवढे झाले.

बागेत शिरायचे असेल तर हाक मारूनच शिरा. राखणीला बहुधा नेपाळी गडी असतो, मोहोराच्या वेळेला तो येतो आणि पाऊस तोंडावर आला की परततो. झेल्याने आंबा कसा उतरवतात ते जरूर पाहा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या नूतन झेल्याने फळ देठासकट येते. देठ राहिला की चीक फळावर ओघळत नाही, साल डागत नाही आणि डाग नसला की पेटीचा भाव टिकतो. ज्यांच्याकडे केसर किंवा तोतापुरी आहे त्यांनीही हे घरी जाऊन करण्यासारखे आहे. बागायतदाराशी गप्पा मारायला बसलात तर तो हवामानाबद्दलच बोलेल. पूर्वी थंडी पडली की मोहोर येणार हे ठरलेले होते. आता थंडी येते, जाते, मध्येच अवकाळी पाऊस होतो, पहिला मोहोर गळतो आणि फुलकिड्यांवर फवारण्या वाढत जातात. पेटी महाग का, याचे निम्मे उत्तर फवारणीच्या खर्चात आहे.

आता सड्याची कड सोडून खाली उतरू. इथली पाऊलवाट जांभ्याच्या पायऱ्यांची असते, तिला पाखाडी म्हणतात. दोन्ही बाजूंना दगडाचे गडगे, त्यांवर शेवाळ. दहा मिनिटांत हवा बदलते. वर कपाळ तापलेले असते आणि इथे अंगावर सावलीचा काटा येतो. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, सातवीण, मध्येच गारंबीचा मनगटाएवढा वेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरलात तर सातविणीच्या फुलांचा उग्र वास संध्याकाळी डोक्यात जातो. धनेश पक्षी दिसला तर नशीब. दिसण्याआधी त्याच्या पंखांचा आवाज येतो.

असे रान कोकणात जिथे टिकले आहे तिथे बहुतेक वेळा देव राखणीला आहे. गावोगाव देवरहाटी असते. तिथली काटकीही तोडायची नाही, आणि झाड काढायचेच झाले तर गुरवाकरवी देवाला कौल लावायचा. आम्ही शेतकी पदवीधर मंडळी पूर्वी याकडे श्रद्धेचा भाग म्हणून पाहायचो. आता त्याकडे पाण्याचा भाग म्हणूनही पाहावे लागते. देवरहाटीच्या पोटात किंवा पायथ्याला झरा किंवा विहीर किती वेळा सापडते ते तुम्हीच मोजा.

पाखाडी संपते तिथे पाण्याचा आवाज येतो. जांभरुणच्या वहाळाला बारा महिने पाणी असते. त्याच्या काठाने पोफळी, नारळ, केळी, पोफळीवर चढलेली मिरी, सावलीत जायफळ आणि मध्येच रातांब्याची झाडे. घरांपुढे सारवलेले खळे. मे महिन्यात आलात तर प्रत्येक खळ्यात रातांब्याची साले वाळत पडलेली दिसतील. ती रसात बुडवायची आणि वाळवायची, असे पुन्हा पुन्हा केले की आमसूल तयार होते. आमच्या वहिनी-मावशींचा हात यात इतका बसलेला असतो की किती पुटे झाली हे त्या रंगावरून सांगतात. एक माहितीची गोष्ट सांगून ठेवतो. बियांपासून केलेल्या रातांब्यात निम्मी झाडे नर निघतात, त्यांना फळ लागत नाही आणि हे कळायला सहा-सात वर्षे जातात. म्हणून कलमच घ्या. विद्यापीठाची कोकण अमृता ही जात १९९७ पासून शेतकऱ्यांकडे आहे.

आता मुख्य गोष्ट. वर उघडा कातळ आणि खाली बारमाही वहाळ, या दोहोंत नाते काय?

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. मूळच्या काळ्या दगडावर हजारो-लाखो वर्षे पाऊस पडला, त्यातला विरघळणारा भाग धुऊन गेला, लोह आणि अॅल्युमिनियमचा अंश मागे राहिला, तो जांभा. त्यात बारीक नळ्या, भेगा, पोकळ्या. पावसाचे बरेचसे पाणी सड्यावरून वाहून जाते हे खरे, पण जे मुरते ते या भेगांतून खाली उतरते. जांभ्याच्या खाली मऊ, चिकण मातीचा थर असतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवे सरकत सड्याच्या कडेला, म्हणजे डोंगराच्या अंगातून, झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून कोकणातली जुनी वाडी सड्याच्या पायथ्याला वसलेली सापडते. सडा ही त्या वाडीची टाकी आहे. टाकीला झाकण नाही, नळ नाही, म्हणून ती टाकी आहे हे ध्यानात येत नाही. झाडोरा गेला, भेगा बुजल्या किंवा कड कापली गेली की टाकी गळते. मग ३,००० मिलिमीटर पावसाच्या गावात मे महिन्यात टँकर येतो.

याच तालुक्यातल्या एका वाडीत (नाव देत नाही) गेल्या काही वर्षांत घडले ते सांगतो. तीन भाऊ, दोन मुंबईला, एक गावी. खाली अर्धा एकर आगर, वर सड्यावर बारा एकर पोटखराब. चिऱ्याच्या खाणीसाठी त्या बारा एकरांना गिऱ्हाईक आले. रक्कम मोठी होती. मुंबईच्या भावांचे म्हणणे असे की, दादा, तिथे गुरे चरण्यापलीकडे काय होते? त्यांचे चूक म्हणता येणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला कातळाची माया किती असणार? आणि चिऱ्याशिवाय घर कशाचे बांधायचे, हाही प्रश्न आहेच. तुमच्या-माझ्या घराचा चिरा कुठल्या तरी सड्यातूनच आला आहे. गावच्या भावाने मला विचारले, "साहेब, तुम्ही सांगा. विकू की नको?"

जमीन विकावी की नाही हे सांगणे शेतकी अधिकाऱ्याचे काम नाही. मी त्यांना एवढेच म्हणालो की काका, सही करायच्या आधी एक वर्ष झरा मोजा. पंधरा लिटरची बादली घ्या, झऱ्याच्या धारेखाली धरा आणि भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी. कॅलेंडरवर लिहून ठेवा. हे काम त्यांच्या सुनेने केले. नोव्हेंबरात बादली पाऊण मिनिटात भरत होती. मेच्या एक तारखेला तिला साडेचार मिनिटे लागली, पण भरली. आगर त्यावर जगत होते आणि शेजारची चार घरेही.

ते कॅलेंडर गणपतीत सगळे भाऊ जमले तेव्हा माजघरात मांडले गेले. भांडण झाले, दोन दिवस झाले. मुंबईच्या धाकट्याने विचारले की आगराचे उत्पन्न वर्षाला किती, ते तरी सांग. ते सांगितल्यावर तो हसला, कारण खाणवाल्याच्या रकमेपुढे ते काहीच नव्हते. मग त्यांची म्हातारी आई म्हणाली, "पैसे तुम्ही न्याल. पाणी कोणी आणायचं?" घरात पाणी कोण भरते हे ठाऊक असल्याने कोणी उत्तर दिले नाही. शेवटी असे ठरले की झऱ्याच्या माथ्याकडचे आठ एकर ठेवायचे आणि रस्त्याकडच्या, पलीकडच्या उताराच्या चार एकरांचा विचार करायचा. तो विचार अजून चालू आहे. बादली आणि घड्याळ मात्र थांबलेले नाही.

सड्यांचा प्रश्न मोठा आहे. २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावरून केवढे रान उठले ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण तुमच्या नावावर कातळ असेल तर बादलीचा खर्च तुम्हाला परवडण्यासारखा आहे.

जांभरुणात जेवण आटोपले की दुपारची गाडी धरून किनाऱ्याकडे निघा. गणपतीपुळ्याला डोंगर हाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नसते, साऱ्या टेकडीला असते. साधारण किलोमीटरभराची, झाडीतून जाणारी, एका बाजूला समुद्र ठेवून चालणारी ही वाट आहे. थकलेल्या पायांनीही ती होते. पलीकडे मालगुंडला कवी केशवसुतांचे जन्मस्थान आहे. मुलांच्या शाळेच्या पुस्तकातले नाव प्रत्यक्ष घराच्या रूपात त्यांना दाखवा.

परतीला मोठा रस्ता घेऊ नका. नेवऱ्यावरून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने रत्नागिरीला या. डोंगराच्या कुशीतून रस्ता चढतो आणि एका वळणावर दोन्ही अंगांचे किनारे एकदम पायाखाली येतात. तिथे गाडीतून उतरा. खाली पांढरी लाट, तिच्यामागे वाळू आणि वाळूमागे सुरूचे बन. सुरू हे झाड इथले नाही, बाहेरून आलेले. पण मुळांवरच्या गाठींतून ते हवेतला नत्र घेते, म्हणून वाळूत वाढते, आणि खारा वारा अडवून मागच्या शेताला आडोसा देते. त्याच्या सुईसारख्या पाचोळ्याखाली दुसरे फारसे काही उगवत नाही, हा त्याचा दोष. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडच्या पोफळीच्या बागा आडव्या केल्या. त्यानंतर किनाऱ्यावरच्या बागायतदारांशी बोललो तर वाऱ्याच्या आडोशाचा विषय निघतोच. वर्षानुवर्षे वाढलेली पोफळ एका दुपारी जाते आणि पुन्हा फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात.

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी भाट्याचा पूल ओलांडून नारळ संशोधन केंद्रात जा. १९५५ पासून हे केंद्र तिथे आहे. नारळाच्या दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी बसवून एकाच जमिनीतून अनेक उत्पन्ने कशी घ्यायची, ती लाखी बाग तिथे उभी आहे. ज्यांना नारळ लावायचा आहे त्यांनी रोपांची मागणी आधी नोंदवावी. ऐनवेळी गेलात तर रिकाम्या हाताने परताल.

या वाटेला यायचे दिवस दोन. दसऱ्यानंतर गवत पिवळे पडू लागते तेव्हा, किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, झाडावर आंबा दिसतो आणि उन्हाचा कहर सुरू झालेला नसतो. पावसाळ्यात फुले आहेत, पण कातळ शेवाळतो आणि पाखाडीवर पाय सटकतो. पायात पट्ट्याची किंवा पकड असलेली चप्पल हवी, डोक्याला टोपी किंवा पदर, माणशी दोन लिटर पाणी. सड्यावर सावली नाही, तेव्हा सकाळी आठला वर आणि साडेदहाला खाली, हे गणित पाळा. कोकण रेल्वेने आलात तर रत्नागिरी स्थानकावरून शहरातल्या एसटी स्थानकात या आणि जांभरुणच्या गाडीची वेळ चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्या. आणि हो, येताना आपल्या गावच्या ज्वारीची दोन-चार कणसे पिशवीत टाका. खळ्यात बसून बोलणे काढायला त्याहून बरी वस्तू नाही. इकडच्या पोरांपैकी अनेकांनी ज्वारीचे कणीस हातात धरून पाहिलेले नसते.